संध्याकाळपर्यंत पन्नास हजार

हणमंत साळुंखेने सतरा वर्षं फौजेची गाडी चालवली आणि त्या सतरा वर्षांत सात सरकारी क्वार्टरांत संसार केला. क्वार्टर सोडायच्या दिवशी एक माणूस वही घेऊन यायचा. नळ मोजायचा, बल्ब मोजायचा, खिडकीच्या काचा मोजायचा. भिंतीत खिळ्याचं भोक दिसलं तर त्याचे पैसे कापायचा. हणमंत दाराशी उभा राहून बघायचा. ज्या खोलीत मुलगी पहिली पावलं चालली, ती खोली आता वहीतली एक ओळ झाली, हे त्याला दर वेळी नव्याने कळायचं. मग तो सामान ट्रकमध्ये चढवायचा आणि पुढच्या गावी जायचा.

२०१९मध्ये तो दिल्ली कँटातून, म्हणजे तिथल्या लष्करी छावणीतून, निवृत्त झाला. गाव खटावकडचं. तो परत येणार असं सगळ्या गावाने धरून ठेवलं होतं. पण क्षिप्रा, त्याची मुलगी, सातवीत होती. "पप्पा, गावाकडच्या शाळेत मी बिल्कुल फेल होणार," असं तिने सांगून टाकलं. गिरिजा, त्याची बायको, इथल्याच शाळांची चौकशी करून आली. म्हणजे तिचंही ठरलेलं होतं. शेवटी गाझियाबादेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. अठरा लाखांचं कर्ज, महिन्याला सतरा हजारांचा हप्ता. नोएडातल्या एका खासगी शाळेच्या चाळीस बसगाड्यांवर देखरेख करायची नोकरी मिळाली. पेन्शन, पगार आणि गिरिजाचं ब्लाउज शिवणं, यावर घर चालू लागलं.

फ्लॅटच्या रजिस्ट्रीचे मूळ कागद कर्ज फिटेपर्यंत बँकेत होते. हणमंतकडे झेरॉक्स होती. ती तो कधीमधी उघडून बघायचा, आणि त्याला वाटायचं, वहीवाला माणूस अजून यायचाच आहे.

म्हणून दर दिवाळीचा बोनस तो कर्जात टाकत गेला. यंदाच्या मार्चमध्ये कर्ज नऊ लाखांवर आलं. निवृत्तीच्या पैशातले साडेनऊ लाख बँकेत मुदत ठेवीत होते. एका रविवारी जेवताना त्याने जाहीर केलं.

"ठेव मोडतो. कर्ज एका दमात खलास. कागद घरी."

"आणि हातात काय उरतं?" गिरिजाने विचारलं.

"पन्नास हजार. शिवाय गावाकडे तीन लाख आहेतच की."

गावाकडचे तीन लाख म्हणजे गावच्या पतसंस्थेतली ठेव. चुलतभाऊ संपतराव तिथला चेअरमन. व्याज बँकेपेक्षा एक टक्का जास्त. कँटात राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मराठी जवानाची अशी एक ठेव गावात असायची. गावात ठेवलं म्हणजे घरात ठेवलं, असं ते एकमेकांना सांगायचे आणि त्यावर निवांत झोपायचे.

गिरिजा तेव्हा वाद घालत बसली नाही. तिने भात वाढला आणि ताटं उचलली. बुधवारी परीक्षा संपल्यामुळे शाळेला सुट्टी होती. हणमंत बँकेत जायला म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला, तर ती दाराला टेकून उभी.

"तुम्ही शाळेत ड्रायव्हर लोकांना न सांगता आगीची ड्रिल घेता ना?"

"महिन्यातून एकदा. का?"

"आज माझी ड्रिल. समजा, तुमची नोकरी गेली. मला संध्याकाळपर्यंत पन्नास हजार पाहिजेत. बँकेतल्या ठेवीला हात नाही लावायचा, ती तुम्ही कर्जात भरून बसलात, वर उरलेलेही खर्चून झाले. गावाकडचे काढून दाखवा."

"अगं, हे काय नवीन?"

"शिट्टी वाजली," गिरिजा म्हणाली. "लागा कामाला."

आतून क्षिप्राचं हसू ऐकू आलं. "पप्पा, टाइम स्टार्ट झाला, चलो!"

हणमंतने हसत हसतच फोन लावला. संपतरावाचा आवाज नेहमीसारखा चांगला मोठा होता.

"आरं हणमंता! आज कशी काय आठवण झाली? कुणी आजारी हाय का?"

"नाही दादा. ठेवीतले पन्नास हजार हवे होते. आजच्या आज."

"आज? आरं, मॅनेजर जावळाला गेलाय."

"मग उद्या?"

"उद्या यील की. पर पावती लागंल. पावती कुठाय?"

पावती गावच्या घरात, आईच्या ट्रंकेत होती. ट्रंकेची किल्ली आईच्या कमरेला होती. आई पंधरा दिवसांसाठी कऱ्हाडला आत्याकडे गेली होती.

"आन् मुदतीआधी मोडायची म्हंजी संचालकांची मीटिंग बोलवाया लागती," संपतराव पुढे म्हणाला. "त्यात हा मार्च. एप्रिलात बघू की. सहीला तरी तुला यावंच लागंल. ये चार दिस. गाव बघून जा."

"दादा, खरंच अडचण असती तर?"

पलीकडे दार लोटल्याचं ऐकू आलं. मग आवाज खाली आला. "अडचण हाय व्हय? सांग की मर्दा. मी काय कुणाला सांगतोय?"

हणमंतने घाईघाईने फोन ठेवला. मग आईला लावला, तो लागला नाही. एका पुतण्याला लावला. तो पुण्यात होता. दुपारी तो गॅलरीत खुर्ची टाकून बसला. खाली भंगारवाला गेला, मग कुकर दुरुस्त करणारा गेला. चाळीस बसगाड्या रस्त्यात कुठे आहेत हे मोबाईलवर सांगू शकणाऱ्या माणसाला स्वतःच्या तीन लाखांपर्यंत पोचता येत नव्हतं. पैसे बुडालेले नव्हते. सुखरूप होते, व्याजही चढत होतं. फक्त ते दीड हजार किलोमीटरवरच्या एका ट्रंकेत होते, आणि तिथे पोचेपर्यंत कुठलीही आग सगळं जाळून विझली असती.

संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत. बातमी मात्र फिरून आली. सहा वाजता कऱ्हाडहून आईचा फोन.

"हणमंता, नोकरी गेली व्हय रं तुझी? संपतची बायको सांगत हुती. कर्ज लई झालंय म्हनं!"

"काही नाही गं आई. गिरिजा गंमत करत होती."

"असली कसली गंमत?" आई म्हणाली, आणि नंतर तिने दहा मिनिटं गिरिजालाच फैलावर घेतलं. गिरिजा सासूला "हो आत्या, चुकलं आत्या," म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर तिने चहा टाकला. जिंकल्याचं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"क्षिप्रा तीन वर्षांची होती," ती गॅसकडे बघत म्हणाली. "तुम्ही फील्डवर होता, सीमेकडे. रात्रीचा ताप उतरेना, कँटची गाडी मिळेना. बाहेरचा डॉक्टर आणायला घरात दोनशे रुपये होते. पासबुकात चाळीस हजार. पासबुक गावाला. मी चार दारं वाजवली. चौथ्या दारातल्या बाईने पैसे दिले आणि मग वर्षभर मला चारचौघींसमोर आठवण करून दिली."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही तिकडून काय करणार होता?" तिने कप पुढे केला. "मला कागद नको असं नाही. मलाही हवेत. पण मला परत कुणाचं दार वाजवायचं नाही."

हणमंतने कप घेतला. दोघांच्या दोन भीती एकाच घरात एवढी वर्षं शेजारी शेजारी झोपत होत्या, आणि त्यांची ओळख आज झाली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा टाकून तो बँकेत गेला. नऊ लाख भरले नाहीत. पाच भरले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "किस्त कम करनी है या साल?"

"साल," हणमंत म्हणाला. "किस्त वही रहने दीजिए."

बाईंनी हिशोब करून कागद फिरवला. साडेपाच वर्षांचं कर्ज सव्वादोन वर्षांवर आलं होतं. उरलेले साडेचार लाख दोघांच्या नावावर ठेवले, कुणाही एकाच्या सहीने निघतील असे आणि मोबाईलवरून मोडता येतील असे. घरी आल्यावर गिरिजाने लगेच त्यातले पाच हजार मोडून बघितले. चार मिनिटं लागली.

"आता झाली ड्रिल पूर्ण," ती म्हणाली.

तरी हणमंत त्या दिवशी थोडा खिन्न होता. कर्जाच्या रकान्यात शून्य बघायला गेलेला माणूस चार लाख बघून परत आला होता. गावाकडची ठेव मे महिन्यात मुदत संपल्यावर तो स्वतः जाऊन घेऊन आला. संपतराव आठवडाभर रुसला.

जूनमध्ये शाळेने बसगाड्या एका ठेकेदाराकडे दिल्या. ठेकेदाराने आपली माणसं आणली. चौदा तारखेला हणमंतला पत्र मिळालं आणि तीस तारखेला नोकरी संपली. जुलैत क्षिप्राच्या फिजिओथेरपी कॉलेजची एक लाख दहा हजार फी भरायची होती. ती भरली. पाच तारखेला हप्ता गेला, ऑगस्टच्या पाचलाही गेला. घरात कुणी आवाज चढवला नाही. गिरिजाने भाजीची पिशवीही लहान केली नाही. एका मोठ्या इस्पितळाच्या रुग्णवाहिका सांभाळायच्या जागेसाठी तो मुलाखत देऊन आला होता. त्यांनी महिनाभराने कळवतो म्हणून सांगितलं होतं. ती नोकरी पुढे त्याला लागली. पण ते कळायच्या आधी, ऑगस्टातल्या एका सकाळी, विठ्ठलचा फोन आला. विठ्ठल त्याच्याच पलटणीतला, आता गोदामांना सुरक्षा रक्षक पुरवायचा.

"साळुंखे, एक गोदाम आहे. बारा तासांची ड्यूटी, चौदा हजार. आठवड्याची सुट्टी नाही. आजपासून जॉइन हो."

"बारा तास?"

"यार, तू घरी बसलायस. भाव कसला करतोस? तुझ्यामागे रांग लागलीय."

हणमंतने खिडकीबाहेर बघितलं. मार्चमध्ये नऊ लाख भरले असते, तर कागद कपाटात असते, गावाकडचे तीन लाख अजून गावातच असते आणि फीचे पैसे कुणाकडून तरी आणलेले असते. मग या फोनला त्याने हो म्हटलं असतं. विठ्ठलचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

"विठ्ठल, आठवण ठेवलीस, उपकार आहेत," तो म्हणाला. "पण नको. मला महिनाभर थांबता येतंय."

"थांबता येतंय? लॉटरी लागली काय?"

"तसंच समज."

आतल्या खोलीत गिरिजाचं मशीन थांबलेलं होतं.

"काय म्हणालात त्यांना?" तिने तिथूनच विचारलं.

"थांबता येतंय म्हणालो."

मग मशीन पुन्हा सुरू झालं.