दाराखालचा पत्रा

२००४ च्या सप्टेंबरमध्ये, सीझनच्या शेवटच्या शनिवारी, ओहायोतल्या एका मातीच्या ओव्हल ट्रॅकवर आमची गाडी शर्यतीआधीच्या तपासणीत नापास झाली. ती चालवणार होता माझा रूममेट. त्याच्या व्हिसाची सहा वर्षं त्याच महिन्यात संपत होती आणि कंपनीने ग्रीन कार्डाचा अर्ज केलेला नव्हता. पुढचा सीझन त्याला मिळणार नव्हता.

तो नागपूरचा, मी पुण्याचा. कोलंबसजवळच्या डब्लिन गावातल्या एका अपार्टमेंटमध्ये आम्ही चार वर्षं राहिलो. उन्हाळ्यातल्या शनिवारी तो ट्रॅकवर जाऊन बसायचा. त्या मे महिन्यात म्हणाला, "किती वर्षं नुसतं बघायचं यार? एकदा उतरतो."

नवशिक्यांच्या वर्गाचे नियम थोडे होते. चार सिलिंडरची गाडी, इंजिनात फेरफार नाही, ड्रायव्हरभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा सक्तीचा. ट्रॅकवरच्या एका जुन्या ड्रायव्हरने त्याला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. भंगारात ढिगाने सापडणारं मॉडेल घे, म्हणजे सुटे भाग मिळतील. आणि घेण्याआधी खाली झोपून पत्रा बघ. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीला खालून खातं.

जूनमध्ये तशी गाडी मिळाली, भारतात परत निघालेल्या एका मराठी कुटुंबाकडे. सर्व्हिसच्या पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या. काकांनी गाडी धुऊन ठेवली होती. काकूंनी आधी आत बसवून साबुदाण्याची खिचडी दिली. रूममेटने टॉर्च आणि जुनी चादर आणली होती. बाहेर आल्यावर त्याने मला हळू आवाजात विचारलं, "शिरू का खाली?"

"त्यांची खिचडी खाऊन त्यांच्याच गाडीखाली शिरणार? बरं दिसत नाही," मी म्हणालो. "आपल्या माणसांची गाडी आहे."

"तू काय मुलगी बघायला आलायस?" तो म्हणाला. पण चादर उलगडली नाही.

एका वेल्डरने त्याच्या शेडमध्ये जागा दिली. आम्ही काचा, सीट आणि डॅशबोर्ड काढला. शेवटी कार्पेट उचललं. खाली चार भोकं होती. त्यातून शेडची जमीन दिसत होती. वेल्डर म्हणाला, दोन्ही दारांखालचा पत्रा कुजलाय, तो कापून नवा बसवायचा आणि मगच पिंजरा. हातातली कामं संपवून त्याला ऑक्टोबर उजाडणार होता. दुसरा वेल्डर शोधला, मिळाला नाही. रूममेट म्हणाला, वरून पत्र्याच्या पट्ट्या लावून त्यावर पिंजरा जोड.

"गाडी तुझी, मान तुझी," वेल्डर म्हणाला. त्याने पट्ट्या लावल्या.

घरी येताना मी म्हणालो, "सोडून देऊ या का?"

"सोडून? मग नागपुरात रिंग रोडवर चालवू का रेस?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. ऑगस्टमध्ये आम्ही खालून काळा जाड रंग मारला.

त्या शेवटच्या शनिवारचा तपासनीस साठीचा होता. त्याने पिंजऱ्याच्या नळ्या हाताने हलवून पाहिल्या, सीटचा पट्टा ओढून पाहिला, मग गुडघ्यावर बसून ड्रायव्हरच्या दाराखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर लावावा लागला नाही. तो मुठीपर्यंत आत गेला. दुसरी बाजू त्याने पाहिली नाही.

"उलटलास तर हे सगळं उखडून तुझ्याच अंगावर येईल," तो म्हणाला. "नीट करून पुढच्या वर्षी आण."

"ओके," रूममेट म्हणाला. व्हिसाचं त्याने सांगितलं नाही.

मी त्याला म्हटलं, "त्या दिवशी मीच नको म्हणालो."

"खिचडी चांगली होती," तो म्हणाला.

गाडी पिटमध्येच, म्हणजे गाड्या तयार करायच्या आवारातच, उभी होती. तिथून ट्रॅक दिसत नव्हता. तो आत बसवलेल्या शर्यतीच्या सीटवर बसला, तिचे पाचही पट्टे बांधले आणि हेल्मेट मांडीवर घेतलं. शर्यत पंधरा फेऱ्यांची होती. लाउडस्पीकरवर विजेत्याचा नंबर सांगितल्यावर त्याने पट्टे सोडले.

अकराव्या दिवशी मी त्याला कोलंबसच्या विमानतळावर सोडलं. नागपूरला पोचल्याचा त्याचा ईमेल दोन दिवसांनी आला.