गूळ चोळलेली दादर

खोटं सांगत असेन तर पुढल्या हंगामाला माझ्या शेतात तणसुद्धा उगवू नये! म्हणजे, शेत माझं नाही, अक्काचं. माझ्याकडे जळगावात, पिंप्राळ्याच्या घरी, दोन कुंड्या. पण शपथ ती शपथ.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, धुळ्याकडच्या खेड्यात दादर ज्वारी करते. सासूनं दिलेलं बी राखेत घालून इतकी वर्षं जपलेलं. पेरणीआधी त्याला लाल औषध चोळायचं, म्हणजे खोडमाशी रोपाचा पोंगा, मधला कोवळा कोंब, पोखरत नाही. जळगावहून ते औषध नेणं एवढंच माझं शेतीतलं कर्तृत्व!

यंदा दुकानदार म्हणाला, मधमाश्या मरतात म्हणून बंधन आलंय, मिळणार नाही. बी दाट पेरा, पोंगा सुकलेली रोपं उपटून टाका. जिवाणू खताची पुडी हवी तर जराशा गुळाच्या पाण्यात कालवून चोळा, पण खोडमाशीला तिचा उपयोग नाही.

आता सांगा, इतका साधा निरोप घेऊन मी बहिणीसमोर जाऊ? पुडी सोडली, गूळ तेवढा धरला.

"अक्का, आता गुळाचा जमाना."

"गूळ खाईसन माशी मरी का, भाऊ?"

"पोट भरल्यावर ती पोंग्याकडे बघेल तरी का?"

रानात पेरणीजोगा वापसा आलेला, ओल उडून चाललेली. अक्काला बसवेना. घटकाघटकाला अंगणात येऊन म्हणे, झालं का? शेवटी बैलजोडी घेऊन पुढे गेली. बी घेऊन मी मागून जायचं.

मी अख्खी भेली विरघळवली. थोड्यानं भागतं तर जास्तीनं उत्तमच होणार ना? बियांचे लाडू वळले! ते लिंबाखाली पोत्यावर सुकत घातले आणि मुंग्या आल्या. साक्री-शिरपूरपासूनच्या सगळ्या. माझ्या डोळ्यांदेखत दाणा दाणा उचलून रांगेनं बिळात!

मी येईना म्हणून अक्का परत आली. पोतं रिकामं. शेजारचे नाना काहीतरी चघळत ओट्यावर बसलेले, त्यांनी साक्ष दिली, "मुंग्या बठ्ठं लई गयात."

अक्का पायरीवर बसली. "मनी सासूनं बी व्हतं रे ते."

ओरडली असती तर बरं झालं असतं, हो. नानांचंही चघळणं थांबलं. गेल्या साली अक्कानंच दिलेल्या बियांतलं उरलेलं त्यांच्या मडक्यात होतं, ते त्यांनी मुकाट्यानं आणून दिलं. संध्याकाळच्या आत पेरलं, दाट. पुढे सुकलेले पोंगे उपटायला अक्कानं मला दोनदा बोलावून घेतलं. दादर उभी आहे.

आता यातलं खोटं सांगतो. मुंग्या आल्या, हे खरं. नेलं मात्र ओंजळभरच. त्यांना मारायला मीच बंबातलं उकळतं पाणी ओतलं, आणि पोत्यावर गोड घुगऱ्या शिजल्या. पुरावा मी आणि नानांनी खाल्ला, उरलेला म्हशीला घातला.

अक्का अजून मुंग्यांना शिव्या घालते. पण विचार करा, लाल औषध चोळलेलं असतं तर आम्हाला त्या घुगऱ्या खाता आल्या असत्या का? बंधनाचा रोख फायदा झालेला खानदेशातला पहिला माणूस मीच!