थोरलीने धरलेल्या जागा

माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. या दोन गावांमधल्या एसटीत आमच्या थोरलीचं बरंचसं शिक्षण झालं. चालायला आल्यावर ती पहिली विद्या शिकली ती जागा धरण्याची. गुरू माझे वडील, म्हणजे तिचे नाना. धुळ्याच्या स्टँडवर गाडी नीट लागायच्या आत ते तिला खिडकीतून आत सोडायचे. तिने तिघांच्या बाकावर आडवं व्हायचं आणि हलायचं नाही. खालून नानांचं मार्गदर्शन चालूच असे, "उठानं नही! कोनी बी येवो, सांगानं, बठ्ठी जागा आम्हनी शे. माय ई तवयच ऊठजो!"

सगळी जागा आमची आहे म्हणायचं, आई येईल तेव्हाच ऊठ. बाकी कोणाचं ऐकायचं नाही. शाळेत तिला इतक्या स्पष्ट शब्दांत कोणी काही शिकवल्याचं मला माहीत नाही.

गेल्या दिवाळीत मी दोन्ही मुलांना घेऊन पुण्याला दिराकडे गेले. थोरली दुसरीत, धाकटा अजून कडेवर चढणारा. दीर नोकरीनिमित्त तिकडे गेला आणि मेट्रो सुरू झाल्यापासून ती त्याने स्वतः बांधल्यासारखा बोलू लागला. बागबिग नंतर, आधी मेट्रो, असा त्याचा हुकूम. स्टेशनात शिरताच त्याने आम्हाला छत दाखवलं. मग फरशी दाखवली. सरकत्या जिन्याला तर त्याने असा हात केला की जिन्याने नमस्कार करावा अशी माझी अपेक्षा झाली.

"वहिनी, इथे आपल्यासारखं नाही हां. सेकंदाचा फरक पडत नाही. आणि गर्दी असली तरी धक्काबुक्की नाही. शिस्त."

"काका, खिडक्या उघडतात का?" थोरलीने विचारलं.

"छे! एसी आहे."

ती विचारात पडली. तिच्या व्यवसायातली ही मोठी अडचण होती.

गाडी आली. फलाटावर बऱ्यापैकी लोक होते. दिराने वाहतूक पोलिसासारखे दोन्ही हात पसरले. "थांबा. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यायचं. मग आपण." आम्ही थांबलो. उतरणारे उतरले. मग त्याने मला आणि धाकट्याला दाराशी उभं करून एक फोटो काढायला घेतला. तेवढ्यात शिट्टीसारखा आवाज झाला, दारं मिटली आणि गाडी निघाली.

काचेतून मला थोरली दिसली. काकांच्या हाताखालून ती केव्हाच आत गेली होती. चार जणांच्या जागेवर आडवी पडून ती आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहत होती. मग गाडीच दिसेनाशी झाली.

त्यानंतर मी काय ओरडले ते मला आठवत नाही. दिराला आठवतं, पण तो सांगत नाही. फलाटावरचा सुरक्षारक्षक धावत आला, वॉकीटॉकीवर बोलला. "काळजी करू नका मॅडम, पुढच्या स्टेशनला उतरवून घेतील." धाकटा "ताई गेली" एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता. जणू आम्हाला ठाऊक नव्हतं.

थोड्या वेळाने वॉकीटॉकीतून पुढच्या स्टेशनवरच्या महिला रक्षकाचा आवाज आला. "मुलगी सापडली. पण उतरत नाहीये. म्हणते, जागा जाईल."

रक्षकाने माझ्याकडे पाहिलं. "कुठल्या तुम्ही?"

"जळगावच्या."

"तिला उचला ना," दीर वॉकीटॉकीत ओरडला.

"उचलायला गेले तर चावायला येते, साहेब. लवकर सांगा काय करू, गाडी थांबवून ठेवलीय."

सेकंदाचा फरक न पडणारी मेट्रो आमच्या थोरलीसाठी उभी होती. मी वॉकीटॉकी हातात घेतला. "बाळा, मी आई बोलतेय. त्या मावशींबरोबर खाली उतर."

पलीकडून थोरलीचा संशयी आवाज आला. "तू आई कशावरून?"

"अगं, आवाज ओळखू येत नाही का?"

"खरखरतोय. आई आली की उठायचं असतं. तू आलेली नाहीस."

मुद्दा बिनतोड होता. आजूबाजूला पुणेकरांचं कडं झालं होतं. दिराच्या घरी आम्ही कटाक्षाने शुद्ध बोलतो, कारण शेजाऱ्यांना आम्ही नक्की कुठले ते कळू नये अशी त्याची इच्छा असते. मी डोळे मिटले आणि माझ्या वडिलांच्या आवाजात, स्टँडवरच्या पट्टीत ओरडले, "ऊठ आते! सोडी दे बठ्ठी जागा! मी येस!"

पलीकडून महिला रक्षकाचा आवाज आला, "उतरली."

पुढच्या गाडीने आम्ही पोहोचलो तेव्हा ती बाकड्यावर त्या बाईंशेजारी बसली होती. रडली वगैरे नव्हती. उलट चिडली होती. "चौघांची जागा धरली होती! एक आजी बसायला आल्या, त्यांनापण नाही म्हटलं. आणि तुम्ही आलाच नाहीत!" मी तिला जवळ घेतलं तर म्हणाली, "दाबू नको."

दिराने त्या बाईंचे आभार मानले. मग फोटोचा मोबाईल खिशात खोल सरकवला.

परत जायला आम्ही त्याच मेट्रोत बसलो, म्हणजे दीर आणि धाकटा बसले. डबा जवळजवळ मोकळा होता. "जा ना, बस," मी थोरलीला म्हटलं, "बघ किती जागा आहे." ती हलली नाही. माझ्या ओढणीचं टोक तिने मुठीत धरलं होतं, आणि दारं मिटायचा आवाज झाला तशी ती मूठ आणखी घट्ट झाली.

मग मीही बसले नाही. उतरायचं स्टेशन येईपर्यंत आम्ही दोघी खांबाला धरून उभ्या राहिलो.