‘व्हय’ कुणी ऐकलं?

या ग्रुपवर येणारे भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना हसलोय. भाजे गावात लहानाचा मोठा झालो, लेण्यांच्या पायथ्याशी अंधारात गुरं वळवली, कधी काही दिसलं नाही. पुढे देहूरोडच्या लष्करी डेपोत अख्खी नोकरी झाली. भूत म्हणजे रिकाम्या डोक्याचा उद्योग, हे माझं मत. जे झालं ते भर उन्हात, हजारभर माणसांत झालं... आणि त्यात चूक माझी आहे, म्हणून आजवर लिहिलं नव्हतं.

आता आम्ही तळेगावला राहतो. मुलगा महेश, सून सुजाता, नातू आरव आणि नात ओवी. ओवी आता तिसरीत आहे, तेव्हा चार वर्षांची होती. एप्रिलमधल्या एका रविवारी लोणावळ्याच्या पुढे एका वॉटर पार्कला गेलो होतो. चार-साडेचारची वेळ असेल. महेश आरवला घेऊन उंच घसरगुंडीच्या रांगेत उभा होता. ओवीची उंची तिथे बसत नव्हती, म्हणून ती माझ्या बाकाशेजारी बादलीत पाणी भरून खेळत होती. मी मोबाईलवर मॅच बघत होतो.

सुजाता म्हणाली, “आबा, लॉकरमधून ओवीचे कपडे आणते. ओवी तुमच्यापाशी आहे हं.”

मी मान वर न करता म्हणालो, “व्हय.”

हा शब्द का लक्षात राहिला ते सांगतो. डेपोत नवीन असताना माझ्या व्हय-न्हाईवर पोरं इतकी हसायची, की मी ते बोलणंच टाकून दिलं. आई गेल्यापासून आमच्या घरात ते कुणीच बोलत नाही. त्या दिवशी कुठून तोंडात आलं कोण जाणे. माझं मलाच हसू आलं आणि मी परत मॅचमध्ये डोकं घातलं.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. लाटांच्या तलावाचा भोंगा वाजला तशी मी मान वर केली. बादली आडवी पडलेली. ओवी नाही.

लाटा सुरू झाल्या की त्या पाण्यात मोठी माणसंसुद्धा कोलमडतात. मी चप्पल तिथेच टाकून धावलो. पाय पोळत होते, लाउडस्पीकरवर गाणी चालू होती, माझी हाक माझ्याच कानापर्यंत येत नव्हती. त्या वेळी काय काय डोळ्यांपुढे आलं ते लिहीत नाही.

ओवी तलावाच्या पलीकडच्या टोकाला, करंजाच्या सावलीत कठड्यावर बसली होती. केस शेंड्यापासून मुळापर्यंत ओले. म्हणजे ती पाण्याखाली गेली होती... पण तोंड कोरडं, कुणीतरी पुसल्यासारखं. रडत नव्हती. मला बघून म्हणाली, “आलात? आजी म्हणालीच होती.”

मी विचारलं, कुठली आजी. तिने पाण्याकडे बोट केलं. तिथे कॉलेजची पोरं दंगा करत होती. कशी होती विचारलं तर म्हणाली, हिरवी साडी. मग उभी राहून दोन पायांमधून हात मागे नेऊन खोचल्यासारखं करून दाखवलं. कासोटा. आमच्या घरात तो कुणी घालत नाही.

“तिनं मला उचललं. म्हणाली, हितंच बस. तुझा आबा व्हय म्हणलाय, येईल त्यो.”

जवळ शिट्टी घेऊन एक जीवरक्षक उभा होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, “आबा, साडी नेसून कुनी पान्याजवळ आलं की मी शिट्टीच मारतो. सकाळपासनं एक बी न्हाई.”

एवढ्यात महेश आणि सुजाता धावत आले. महेश सुजातावर भडकला होता, एवढंसं पोर असं टाकून जातात का म्हणून. ती म्हणाली, “आबांना सांगून गेले होते.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ओवी माझ्या कडेवर होती.

मी म्हणालो, “मला नाही सांगितलंस तू.”

सुजाता माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, असेल, माझंच चुकलं असेल.

तेव्हापासून ती कुठेही पोरं सोपवताना दोनदा विचारते, “ऐकलंत ना?” कामशेतला एका लग्नात माझी बहीण सगळ्यांसमोर तिला म्हणाली, “अगं, पोर सोपवल्याची पावती पण देत जा.” मंडळी हसली. मीही हसलो. तिला सगळे विसराळू म्हणतात, आणि तीही आता स्वतःला तेच म्हणते.

मागच्या आठवड्यात ती मटार सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. तू सांगितलं होतंस, मी ‘व्हय’ म्हणालो होतो.

तिचे हात थांबले. म्हणाली, “व्हय म्हणालात ना? आबा, मला तेच ऐकू आलं होतं. पण तुम्ही तसं कधी बोलत नाही... म्हणून मला वाटलं, मला भास झाला. इतकी वर्षं मी माझ्याच कानांवर विश्वास ठेवला नाही.”

मग ती रडली. महेशला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. बहिणीला फोन केला.

ती बाई तिथली झाडलोट करणारी असेल, असंही मी मनाला समजावून पाहिलंय. पण माझा बाक तलावाच्या अलीकडच्या टोकाला होता. एवढ्या गोंगाटात माझा तो एक शब्द तिथवर कसा पोचला? माझी आई हिरवं लुगडं नेसायची, पण तसं भाज्यातल्या कितीतरी बाया नेसायच्या. उगाच कुणाचं नाव घेत नाही. ओवीला आता त्यातलं काही आठवत नाही.

कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा, माझ्याकडे नाही. ती बाई कोण होती, होती की नव्हती, मला माहीत नाही. भास सुजाताला झाला नव्हता, एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे.