अंगठ्यावरची चामखीळ

माझ्या उजव्या अंगठ्यावर चामखीळ उगवली ती नेमकी लगीनसराईच्या तोंडावर. कोरेगावात माझं बांगड्यांचं दुकान आहे. बांगडी भरायची म्हणजे समोरच्या बाईचा पंजा याच अंगठ्यानं दाबून मऊ करायचा आणि तिला कळायच्या आत बांगडी मनगटावर सरकवायची. माझ्याइतकं हे कुणाला जमत नाही, असं मी सांगते आणि ते खरंच आहे.

एका घरच्या तीन पिढ्यांना आधी माझ्या सासूनं आणि मग मी बांगड्या भरल्या. त्याच घरी नवरीला हिरवा चुडा भरायला गेले. पोरीचा हात हातात घेतला आणि तिच्या आईची नजर माझ्या अंगठ्यावर पडली. तिनं लेकीचा हात ओढूनच घेतला. "आवं, हे काय झालंय तुमच्या हाताला? चुडा हितंच ठिवा, आमी भरतो आमचं."

भरतो म्हणे! निम्म्या बांगड्या फोडल्या असतील. मुगाएवढी चामखीळ, आणि बाईसाहेबांचा तोरा बघा! चार बायकांत माझी शोभा केली. मीही मग तिला गावभर नावं ठेवली.

घरात वैद्यांचं पेव फुटलं. जाऊबाई म्हणाल्या, घोड्याचा केस बांध. दिरानं वरातीच्या घोड्याच्या शेपटीतला केस उपटून आणला; लाथ बसली नाही हे त्याचं नशीब. आठ दिवस केस बांधून हिंडले. अंगठा सुजला, चामखीळ ढिम्म हलली नाही. मग फुफीनं, नवऱ्याच्या आत्यानं, चुन्यात धुण्याचा सोडा कालवून लावला, तर कातडी जळून आतलं लाल दिसायला लागलं. "लय गुणकारी हाय," वर हे ऐकायचं. स्वतःच्या हाताला लावून बघ की बाई! या अडाण्यांपेक्षा आपण बऱ्या, म्हणून मी ब्लेड घेतलं आणि रोज थोडं थोडं खरवडू लागले. रक्त यायचं. मला वाटायचं, मूळ निघतंय.

त्यातच बहिणीच्या मुलीचं लग्न आलं. बहीण म्हणाली, यावेळी दुसरं कुणी भरू दे. माझं डोकंच फिरलं. लेकीचा हात ओढून घेणाऱ्या त्या बाईच्या आळीतल्या बायका समोर बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत मी भाचीचा हात धरला, साबण लावला आणि दोन्ही हात भरून बांगड्या चढवल्या. एक फुटली नाही. दोन-चार ओरखडे उठले, ते उठतातच. "बघा, काय झालं का हिला?" मी मोठ्यानं विचारलं.

पुढं माझ्या बोटांवर आणखी सहा-सात उगवल्या तेव्हा साताऱ्याला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी बघताक्षणी विचारलं, "ब्लेडनं खरवडता का?" मी मान हलवली. "म्हणून पसरल्या. हा संसर्ग आहे. तुमच्या हातावरनं दुसऱ्याच्या ओरखड्यातही जातो. काम काय करता?"

"शिवणकाम," मी म्हणाले.

रोज बोटं कोमट पाण्यात भिजवून वर पातळ औषध लावायचं, आणि धीर धरायचा. एवढंच होतं ते. माझ्या चामखिळी तीन महिन्यांत गेल्या.

ईदला भाची आली. ओढणीखालून हात काढेना. मीच ओढून बघितला. अंगठ्याच्या बुडाशी चार दाणे. सासरी तिला कणीक मळू देत नाहीत, ताटं वाढू देत नाहीत. "खाला, घोड्याच्या केसानं खरंच जातात का ओ?" तिनं विचारलं. माझ्यामुळं झालं, हे तिच्या डोक्यातही नव्हतं. मीही तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी साताऱ्याला घेऊन गेले, एवढंच.

त्याच आठवड्यात बाजारात त्या बाईची लेक भेटली, जिचा चुडा माझ्या हातनं भरायचा राहिला होता ती. भाजीवाल्याकडं तिनं पिशवी पुढं केली तेव्हा मी तिचा हात नीट बघून घेतला. स्वच्छ होता.