दोन रॉचेस्टर, एक डबल बास

पेटी दारात अडकली होती. बाहेर डेव्हन ॲव्हेन्यूवर बर्फाचा चिखल, आत माझ्या टेबलासमोर मुंबईच्या तिकिटाची तारीख बदलायला आलेल्या एक आजी, आणि मधे दारात फ्रीजएवढी काळी पेटी तिरकी रुतलेली. पेटीच्या पलीकडून दिलीप खोब्रागडे ओरडून सांगत होते, "सुनंदाताई, तुम्हीच म्हणालात ना, माप पाहिजे म्हणून!"

मी माप मागितलं होतं. पेटी मागितली नव्हती.

आमचे मालक प्रवीणभाई आतल्या केबिनमधून बाहेर आले. "बेन, ये क्या है? कोई शिफ्ट हो रहा है क्या?"

"डबल बास आहे," मी म्हटलं. "बाजा. बहुत बड़ा बाजा."

२००५ सालचा जानेवारी होता. मी शिकागोतल्या या ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढायचं काम करत होते. आमचा धंदा मुख्यतः भारताच्या तिकिटांचा. डिसेंबरची गर्दी ओसरली की जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही चहा पीत बसायचो. त्यामुळे खोब्रागड्यांचं काम मी आनंदाने घेतलं होतं. ते मूळचे नागपूरचे, मीही नागपूरची. दरवर्षी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात आमची भेट व्हायची. नेपरव्हिलला राहायचे, एका टेलिकॉम कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होते, आणि घरच्या गोष्टींबद्दलही प्रोजेक्टसारखंच बोलायचे.

त्यांची मुलगी यशोधरा, म्हणजे यशू, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात होती. शाळेच्या ऑर्केस्ट्रात सगळ्यांनी व्हायोलिनं घेतली, बास कोणी घेईना, आणि ही वर्गात सगळ्यात उंच. म्हणून बास हिच्या गळ्यात पडला. व्हायोलिनच्याच जातीतलं हे सगळ्यात मोठं वाद्य, माणसाहून उंच. उभं राहून वाजवतात. गळ्यात पडलेल्या त्या वाद्याच्या ती इतकी प्रेमात पडली की आता तिला कॉलेजात तेच शिकायचं होतं.

वडिलांनी विरोध केला नव्हता, पण करार केला होता. स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला तिची ॲडमिशन आधीच झाली होती. तीन म्युझिक स्कूल्सपैकी एकाने जरी घेतलं, तर इंजिनिअरिंगचं नाव काढायचं नाही. एकानेही नाही घेतलं, तर बासचं नाव काढायचं नाही.

"फेअर आहे," यशू म्हणाली होती.

आता अडचण अशी, की म्युझिक स्कूलला नुसते मार्क चालत नाहीत. तिथे स्वतः जाऊन प्रोफेसरांसमोर वाजवावं लागतं. त्याला ऑडिशन म्हणतात. आणि या ऑडिशन्स असतात ऐन थंडीत, ज्या दिवसांत अमेरिकेत सगळ्यात जास्त विमानं रद्द होतात. ज्याने हे वेळापत्रक ठरवलं त्याला शिकागोहून विमानाने कधी जावं लागलं नसावं. यशूच्या तीन ऑडिशन्सपैकी एक शिकागोतच होती. दुसरी न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला, तिसरी बॉस्टनला.

पेटी शेवटी दारातून आत आली. आजींनी पाय वर घेतले.

खोब्रागड्यांनी टेबलावर कागद पसरला. "ताई, माझा प्लॅन असा. आमच्या मिनीव्हॅनमधून ड्राइव्ह करायचं. शुक्रवारी रॉचेस्टर, तिथूनच पुढे शनिवारी बॉस्टन, रविवारी रिटर्न."

"रस्ता लेक ईरीच्या काठाने जातो," मी म्हटलं. "तिथे तळ्यावरून बर्फाचा वारा आला की तासाभरात हायवे बंद होतो. आणि शनिवारी बॉस्टनला तुम्ही दमून पोचणार. वाजवणार कोण?"

"मी नाही," यशू म्हणाली. ती पेटीवर हात ठेवून उभी होती. "मावशी, आय कान्ट प्ले आफ्टर दॅट मेनी अवर्स इन द कार."

"मग फ्लाय करू. गुरुवारी रात्रीची लास्ट फ्लाइट घेतो, म्हणजे मला ऑफिस बुडवायला नको."

थंडीतल्या प्रवासाचे माझे नियम साधे आहेत. शेवटची फ्लाइट कधी घ्यायची नाही, कारण ती रद्द झाली तर पुढे काही उरत नाही. सकाळची घ्यायची. एक दिवस आधी पोचायचं. मधे विमान बदलायचं नाही. दोन शहरं एका दौऱ्यात जोडायची नाहीत, कारण एक गडबडलं की दुसरंही जातं. हे सगळं मी त्यांना सांगितलं.

"पूर्ण एक दिवसाचा बफर?" ते म्हणाले. "ताई, दॅट इज वेस्टेज."

"तुमच्या प्रोजेक्टला नसतो बफर?"

यशू हसली.

पेटीमुळे आणखी एक घोळ होता. शिकागोहून रॉचेस्टरला दिवसभर विमानं जायची, पण बहुतेक सगळी छोटी. आम्ही त्यांना रीजनल जेट म्हणतो. त्यांच्या पोटातल्या सामानाच्या दारातून ही पेटी आत जाणं अशक्य. फोनाफोनी करून मी शोधून काढलं की सकाळी एकच मोठं विमान जातं, दुपारी बाराच्या सुमाराला पोचतं. गुरुवारचं तेच पक्कं केलं. ऑडिशन शुक्रवारी सकाळी दहाला. बासचा बो, म्हणजे गज, तेवढा पेटीत न ठेवता यशूने हातात न्यायचा असं ठरलं. ते तिच्या सरांनी बजावलं होतं. मी एअरलाइनला विचारून परवानगी काढली.

त्या आठवड्यात मी रोज हवामान बघत होते. गुरुवारी आकाश निरभ्र निघालं. विमान वेळेवर सुटलं, वेळेवर उतरलं. मी प्रवीणभाईंना पेढा द्यायच्या बेतात होते, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, आम्ही पोचलो. बास नाही पोचला."

"ओव्हरसाइझ बॅगेजच्या दाराशी बघा. तो पट्ट्यावर येत नाही."

"तिथेच उभा आहे. दोन जणांच्या स्की आल्या. बास नाही."

मी त्यांना सामानाची पावती वाचून दाखवायला सांगितली. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरांचा कोड असतो आणि सामान त्या अक्षरांवर चालतं. शहराचं नाव कोणी बघत नाही.

"आर, एस, टी," खोब्रागड्यांनी वाचलं.

न्यूयॉर्कमधलं रॉचेस्टर म्हणजे आर ओ सी. आर एस टी म्हणजे मिनेसोटा राज्यातलं रॉचेस्टर, जे बरोबर उलट्या दिशेला आहे. काउंटरवरच्या माणसाने मोठ्या पेटीचा टॅग हाताने बनवताना यादीतलं भलतंच रॉचेस्टर निवडलं होतं.

मग खोब्रागडे म्हणाले, "मी मिनेसोटाला जातो. गाडी रेंट करतो."

"तुम्ही तिथून निघालात तर ऑडिशनच्या वेळी अजून परतीच्या वाटेवरच असाल. थांबा. यशू काय करतेय?"

"बसलीय. गज धरून."

मी दोन फोन केले. पहिला म्युझिक स्कूलच्या ऑफिसात. तिथे डॉरथी नावाच्या बाई होत्या, आवाजावरून साठीच्या. मी सगळं सांगितलं. त्या अजिबात दचकल्या नाहीत. "हनी, गेल्या आठवड्यात एक हार्प फ्लोरिडाला गेली," त्या म्हणाल्या. "मुलीला इकडे पाठवा. आमच्याकडे बास आहेत. खोली उघडून देते." एक दिवस आधी गेल्याचा हा फायदा झाला. मी खोब्रागड्यांना सांगितलं, टॅक्सी करा आणि थेट शाळेत जा.

दुसरा फोन एअरलाइनला. त्यांनी मिनेसोटात विचारलं. तिथे बास नव्हता. एअरलाइनच्या मुलीचं म्हणणं, "शोध चालू आहे." मी रिसीव्हर ठेवला आणि विचार करत बसले. मिनेसोटाला तर सगळी छोटीच विमानं जातात. पेटी त्यात शिरणारच नाही. म्हणजे ती कुठेही गेलेली नाही. ती इथेच, शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पडलेली असणार.

मी कोट घातला.

"बेन," प्रवीणभाई म्हणाले, "अपना काम टिकट बेचना है. सामान ढूँढना नहीं."

"दुकानात गिऱ्हाईक आहे का कोणी?"

त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि स्वतःच्या गाडीची किल्ली माझ्यापुढे सरकवली.

ओहेअरवर बॅगेज ऑफिसमधल्या माणसाला पावतीचा नंबर दिला आणि पेटीचं वर्णन केलं. त्याचा चेहरा उजळला. "ओ, ती! आम्ही सकाळपासून पैज लावतोय की आत काय आहे." त्याने मला मागे नेलं. पेटी भिंतीला टेकून उभी होती, हीटरपासून लांब, हे बरं होतं. लाकडाला एकदम गरम किंवा एकदम गार सोसत नाही, तडा जातो. मी त्याच्यासमोर उभी राहून नवा टॅग करून घेतला आणि प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणायला लावलं. आर. ओ. सी. पण त्या दिवसाचं मोठं विमान गेलं होतं. पेटी आता दुसऱ्या दिवशी सकाळच्याच विमानाने जाणार, म्हणजे बाराला पोचणार. ऑडिशन दहाला.

तिथूनच डॉरथीबाईंना फोन लावला. त्यांनी कागद चाळले. "तीन वाजता एक जागा आहे. देऊ?"

"धरून ठेवा," मी म्हटलं.

मग खोब्रागड्यांना फोन केला. इतकी खूश मी बऱ्याच दिवसांत झाले नव्हते. "बास सापडला. उद्या बाराला तुमच्या हातात. ऑडिशन तीनला करून घेतलीय."

"ताई, तुम्ही ग्रेट आहात!" ते जवळजवळ ओरडलेच. मग म्हणाले, "एक मिनिट. यशूला बोलायचंय."

"मावशी, थँक यू सो मच," यशू म्हणाली. "पण मी दहालाच वाजवणार. यांच्या बासवर."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "अगं, तुझा बास येतोय."

"आय नो. पण तो आला नाही तर? मग मी तीनपर्यंत विमानाचीच वाट बघत बसणार. आय विल गो क्रेझी." मग मराठीत म्हणाली, "बासला सतारीसारखे पडदे नसतात ना, मावशी. प्रत्येक बासवर सूर थोडे वेगळ्या जागी असतात. आधी माझी बोटं चुकत होती. आता दुपारभर वाजवलं, आता नाही चुकत. गज तर माझाच आहे."

मागून वडिलांचा आवाज येत होता. मग फोन त्यांच्याकडे गेला आणि ते कॉरिडॉरमध्ये आले असावेत, कारण आवाज घुमायला लागला. "ताई, तुम्ही समजवा तिला. तुमचं ऐकेल. इतकी वर्षं ज्या बासवर वाजवलं तो सोडून भलत्याच बासवर? तिला खरं याच स्कूलमध्ये जायचंय."

माझंही मन तेच सांगत होतं. शिवाय मी नुकतीच अर्धा दिवस घालवून ती पेटी शोधली होती, ती कोणाला नको असावी हे मला रुचत नव्हतं. पण मी म्हटलं, "दिलीपभाऊ, मी तिकिटं काढते. वाजवायचं तिला आहे. तिला ठरवू द्या."

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "पण पेटी पाठवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात मी कोणाशी धड बोलले नाही. रॉचेस्टरची वेळ आमच्यापेक्षा एक तास पुढे; घड्याळात त्यांचे दहा वाजले, सव्वादहा वाजले. त्यांच्या साडेअकराला फोन आला.

"झालं," खोब्रागडे म्हणाले.

"कसं झालं?"

"मला काय कळतं त्यातलं? दाराबाहेर उभा होतो. एअरलाइनला फोन करून विमान कुठवर आलं ते विचारायचं होतं. फोन हातातच होता. विसरूनच गेलो. ऐकत राहिलो. ताई, ही घरी रोज वाजवते. मी बेसमेंटचं दार लावून घेतो, कॉन्फरन्स कॉल असतात म्हणून."

मी यशूचं विचारलं.

"आत्ता कुठे आहे ती?"

"कॅफेटेरियात. पिझ्झा खातेय. दोन स्लाइस झाले."

पेटी बाराला, अगदी वेळेवर, योग्य रॉचेस्टरला उतरली. कोणालाच तिची गरज नव्हती. बापलेकींनी ती न उघडता तशीच शनिवारी परत आणली.

बॉस्टनची तारीख आम्ही आधीच बदलून घेतली होती, त्यामुळे तो दौरा पुढच्या आठवड्यात. मी तो आणखी काळजीने आखला. सकाळचं विमान, थेट, टॅग खोब्रागड्यांनी स्वतः वाचला, बास सोबत उतरला, हवा छान. एकही गोष्ट चुकली नाही. शिकागोच्या ऑडिशनला तर घरचीच मिनीव्हॅन होती.

निकाल मार्चअखेरीस आले. बॉस्टनने नाही म्हटलं. शिकागोने वेटिंग लिस्टवर ठेवलं. रॉचेस्टरने घेतलं.

खोब्रागडे फोनवर म्हणाले, "ताई, मी ॲनालिसिस करतोय. जिथे सगळं प्लॅनप्रमाणे झालं तिथे नाही, आणि जिथे सगळं बोंबललं तिथे सिलेक्शन. याचा अर्थ काय लावायचा?"

मी यशूला विचारायला सांगितलं. ती तिथेच होती. मागून तिचा आवाज ऐकू आला. "डॅड, त्यांचा बास आपल्यापेक्षा चांगला होता. दॅट्स ऑल."

इंजिनिअरिंगचं नाव खोब्रागड्यांनी पुन्हा काढलं नाही. करार त्यांनी पाळला. ऑगस्टमध्ये तिला सोडायला गेले तेव्हा मिनीव्हॅननेच गेले, तळ्याच्या काठाने, बास मागच्या सीटवर आडवा घालून. मला विचारलंही नाही. ऑगस्टात बर्फ नसतो, त्यामुळे माझ्याकडेही सांगण्यासारखं काही नव्हतं.

पुढे यशूच्या ओळखीतून आणखी दोन-चार वाद्यवाली पोरं माझ्याकडे आली. एक चेलोवाला, एक ट्यूबावाली. त्यांच्या आईवडिलांना मी अजूनही तेच सांगायचे: सकाळचं विमान, एक दिवस आधी, आणि टॅगवरची तीन अक्षरं स्वतः वाचा. पण त्याआधी, एअरलाइनलाही फोन न करता, मी शाळेला फोन करून विचारायचे, तुमच्याकडे हे वाद्य आहे का. निम्म्या वेळा असायचं.