सोल बयूमी कफन घेऊन गेला

सोल बयूमीने पहिल्या दिवशी मला मारलं तेव्हा माझं नावही विचारलं नव्हतं. जहाजं ओढणाऱ्या आमच्या टगबोटीच्या डेकवर दोराचं वेटोळं पडलं होतं आणि मी त्यात पाय ठेवून उभा होतो. पाठीत गाठ मारलेला दोर बसला. मी तोंडावर आपटलो, दात ओठात घुसला. मग तो म्हणाला, "आता सांग, नाव काय?"

"गाबर, सोलसाहेब."

"गाबर, वेटोळ्यात पाय ठेवणारा एक दिवस एका पायाने घरी जातो. तुला कुठला नको आहे, ते ठरवून ठेव."

सोल म्हणजे अधिकारी नव्हे. साध्या खलाशापासून एकेक पायरी चढत जो वर पोचतो, ज्याच्या वर फक्त अधिकारी उरतात, तो सोल. टोपीवर सोनेरी पट्टी कप्तानाच्या असायची, पण धक्क्याला लागताना कप्तान डोळ्याच्या कोपऱ्यातून आधी बयूमीकडे बघायचा. तो रशीद बंदरातल्या कोळ्यांतला. इजिप्तमध्ये राजा गादीवर होता तेव्हा, सोळाव्या वर्षी नौदलात आला. नाक पोर्ट सईदच्या एका दारूच्या दुकानात इंग्रज शिपायांनी मोडलं. त्याने त्यांच्यातल्या एकाचा कान दातांनी तोडला, असं तो सांगायचा, खरं असावं. मानेवरचा भाजल्याचा वळ छप्पनच्या सुएझच्या लढाईतला. जळत्या इंजिनखोलीतून त्याने तिघांना ओढून काढलं होतं, त्यातल्या एकाला केसांना धरून. तो माणूस पुढे टकला झाला आणि दर ईदला बयूमीला शिव्या घालणारं पत्र पाठवायचा.

तो निवृत्त होईपर्यंत मारत राहिला. पुढे जे सांगणार आहे त्यामुळे तो निवळला, असं कोणी समजू नये. मी हे कधी लिहिलं नव्हतं. मला ते नीट मांडता येईल याची आजही खात्री नाही. पण ज्यांना त्यामुळे त्रास झाला असता ती माणसं आता राहिलेली नाहीत.

बयूमीचं एक तंत्र होतं, आणि सगळा तळ ते मानायचा. तो दोराचं ऐकायचा. वाखाचा जाड दोर ताणाखाली बोलतो. आधी कुरकुरतो, मग कण्हतो, मग त्याचे धागे तटतट सुटायला लागतात. तुटण्याआधी तो तुम्हाला मागे हटायला वेळ देतो. बयूमी तळहात दोरावर ठेवून मान कलती करायचा आणि दुसऱ्या हाताने मला खूण करायचा. दोर गुंडाळून ओढणारी विंच माझ्याकडे होती. बोट गोल फिरलं की ओढायचं, मूठ मिटली की थांबायचं. पाच वर्षांत त्याच्या हाताखाली एकालाही दोर लागला नाही.

बखीत आमच्या टगवरचा सर्वांत ताकदवान गडी. सैदी, म्हणजे वरच्या नाईलकडचा, सोहागच्या बाजूचा. बयूमीने सर्वांत जास्त मारलं ते त्यालाच, आणि सोलला तोंडावर उलट बोलायचा तोही तोच एकटा.

"सोलसाहेब, आमच्या गावात गाढवाला मारायचं असलं तरी आधी कारण सांगतात."

"तुमच्या गावात गाढवं शिकलेली असतील."

चहाच्या वेळी तो गावच्या वैरांच्या गोष्टी सांगायचा. कोणी कोणाला उसात गाठून मारलं, कोणी वीस वर्षं थांबून बदला घेतला. एकदा त्याने कफनाचं सांगितलं. वैर संपवायचं असलं की मारणारा माणूस स्वतःचं कफन दोन्ही हातांवर घेऊन, अनवाणी, मेलेल्याच्या घरी जातो. मारा नाहीतर सोडा, असं म्हणतो. घरच्यांनी सोडलं तर त्याच्या जागी बोकड कापतात आणि सगळे एका ताटात जेवतात.

"म्हणजे तुम्ही सैदी लोक शेवटी बोकडावरच राग काढता," बयूमी म्हणाला.

"बोकड उलट बोलत नाही ना, सोलसाहेब."

त्या काळात तांबड्या समुद्रावरच्या आमच्या तळावर जवळजवळ रोज शत्रूची विमानं यायची. एका पहाटे दोन आली. दारूगोळ्याच्या कोठारामागची बराक उडाली. अकरा माणसं गेली. त्यातल्या चौघांना आम्ही ताडपत्रीत गोळा केलं. दोरांची खोली जळून खाक झाली. एक मालवाहू बार्ज फुटून खाडीच्या तोंडाशी आडवी बसली, आणि तिच्यामागे आमच्या तीन लढाऊ बोटी अडकल्या. विमानं दुपारी परत येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कप्तान रऊफने बार्ज ओढून काढायला सांगितलं. ओढायला दोर एकच उरला होता, महिन्यापूर्वी आलेला नायलॉनचा, पांढराशुभ्र, गुळगुळीत. बयूमीने तो अजून एकदाही पाण्यावर नेला नव्हता.

"हा दोर आहे की बायकांचे मोजे?"

"सोल, हा वाखाच्या दुप्पट ताण घेतो," रऊफ म्हणाला. "आणि वेळ नाही."

बयूमीने बखीतला टगच्या मागच्या टोकाला, दोराच्या सरळ रेषेत उभं केलं. बार्जचा आकडा सुटतो का ते बघायला तिथे माणूस लागायचाच. वाखाच्या दोराला आम्ही नेहमी तसंच करायचो, कारण दोर आधी सांगायचा.

मी ओढायला लागलो. दोर लांबत गेला, बारीक होत गेला. बयूमीचा तळहात त्याच्यावर, मान कलती. दोर गप्प होता. बयूमीने बोट फिरवलं. मी अजून ओढलं. बार्ज हलली. बखीत ओरडला, "येतेय! येतेय!" बयूमीने पुन्हा बोट फिरवलं.

बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला. दोर परत आला तो कोणाला दिसलाच नाही. लोखंडी कठडा वाकून विळ्यासारखा झाला होता. बखीत डेकवर पडला होता आणि त्याचे पाय मांड्यांपासून तुटून कठड्याला अडकले होते. बयूमीने त्याच्या दोन्ही मांड्या स्वतःच्या आणि माझ्या कमरपट्ट्यांनी आवळल्या, त्यावर गुडघे रोवून बसला, हात कोपरापर्यंत लाल. एक सिगरेट ओढून व्हायला लागते तेवढाच वेळ बखीत जगला.

मग आम्ही डेकवर वाळू टाकली, उरलेला दोर दुहेरी केला आणि दुपारच्या आत बार्ज बाजूला काढली. बोटी बाहेर पडल्या. विमानं आली तेव्हा धक्का रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी बयूमी रऊफसमोर उभा राहिला. मी दाराशी होतो.

"चूक माझी. मी त्याला तिथे उभं केलं. मला कोठडीत घाला."

"काल अकरा गेले, तो बारावा. कोणाकोणासाठी कोणाला कोठडीत घालू? दोर तुटला, बयूमी. कामावर जा."

त्याला शिक्षा मिळाली नाही, आणि ते त्याला सोसेना. त्या महिन्यात त्याने आचाऱ्याचे दोन दात पाडले, इंजिनखोलीतल्या एका तेलवाल्याला खाडीत फेकलं, आणि एकदा भिंतीवर इतके गुद्दे मारले की बोटांची सालं निघाली. मग एके दिवशी मला म्हणाला, "गाबर, रजा काढ. तुला वाचता येतं, स्टेशनांची नावं बघशील." त्याच्या पिशवीत पांढरं कापड होतं.

"सोलसाहेब, आपण किनाऱ्याची माणसं. त्यांच्या रीती आपल्याला काय कळणार?"

"बखीतने सांगितलंय ना सगळं."

गाव कालव्याच्या कडेला होतं, तिन्ही बाजूंनी ऊस. तो बखीतचा चाळिसावा दिवस होता. बयूमीने दिवस मुद्दाम निवडला होता. म्हणाला, सगळं गाव साक्षीला असू दे. मांडव घातला होता, कुराणपठण चालू होतं, पुरुष बिनसाखरेची काळी कॉफी पीत रांगेने बसले होते. मांडवाच्या खांबाला बखीतचा गणवेशातला फोटो होता, खाली लिहिलं होतं: शहीद.

बयूमीने बूट काढून माझ्या हातात दिले. कापडाची घडी दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि तापलेल्या धुळीतून चालायला लागला.

एक उंच म्हातारा मांडवातून उठला आणि आमच्याकडे आला. तो पळत नव्हता, पण त्या वयाला झेपणार नाही इतक्या वेगाने येत होता. तो बखीतचा बाप, हाजी हमदान. त्याने आमच्या आणि मांडवाच्या मधे स्वतःला उभं केलं, बयूमीच्या हातावरचं कापड ओढलं आणि झटक्यात आपल्या अंगरख्याखाली कोंबलं.

"कोण तू?"

"बखीतचा सोल. तुमच्या मुलाला मारणारा."

"हळू बोल!" म्हाताऱ्याचे दात आवळलेले होते. "विमानाने मारलं त्याला."

"विमानाने नाही. मी उभं केलं तिथे दोर तुटला."

"तुला कोणी पाठवलं? कोण मध्यस्थ होता? कफन घेऊन यायचं तर आधी महिना-महिना माणसं फिरतात, दोन्हीकडची तोंडं बांधतात, मग तो दिवस येतो. बाजारातून कोबी आणल्यासारखा कोणी कफन घेऊन येत नाही, मूर्खा!"

"मला वाटलं, तुम्ही मारा किंवा सोडा."

"मारणारा मी नाही. ते बघ, खांबाजवळ उभा आहे तो. किनावी. माझा उरलेला मुलगा. सव्वीस वर्षांचा. माझा मुलगा शहीद आहे म्हणून मी आज लोकांच्या हातची कॉफी घेतो. त्याला माणसाने मारलं म्हटलं की बदला घेईपर्यंत कॉफी बंद, मांडव बंद, आणि किनावीच्या हातात बंदूक. तो तुला मारणार. मग तो फासावर जाणार. तू माफी मागायला आला नाहीस रे, दुसरा न्यायला आलास."

बयूमीचं तोंड उघडं राहिलं. सत्तावीस वर्षांच्या ओळखीत मी त्याला आधी किंवा नंतर तसा कधी पाहिला नाही.

"आता आत ये," हाजी हमदान म्हणाला. "आणि सगळ्यांसमोर सांग की विमान होतं. मोठ्याने सांग. तू सोल आहेस ना? मग तुझा आवाज पोचेल."

"हाजी, मी त्याच्याबद्दल खोटं नाही बोलणार."

"बोलशील. गेलेल्यासाठी नाही. त्याच्यासाठी बोल." म्हाताऱ्याची नजर किनावीकडे होती.

पठण थांबलं. बयूमी मांडवाच्या मधोमध उभा राहिला, अनवाणी, आणि डेकवरच्या आवाजात म्हणाला की बखीत शत्रूच्या विमानाच्या माऱ्यात पडला, शेवटपर्यंत जागेवरून हलला नाही, आणि तीन बोटी त्याच्यामुळे वाचल्या. शेवटचं वाक्य खरंच होतं. बायकांच्या बाजूने आक्रोश उठला. त्याच्या हातात कॉफीचा पेला देण्यात आला. तो त्याने प्यायला; त्याच्या घशातून ती उतरताना मला दिसत होती.

आम्ही लगेच निघालो. स्टेशनपर्यंत कालव्याचा बांध तासाभराचा. अर्ध्या वाटेवर उसातून किनावी बाहेर आला. हातात लोखंडी कड्यांचा सोटा.

"अनवाणी का आलास?" त्याने विचारलं.

बयूमी थांबला.

"आणि बाबांनी अंगरख्यात काय लपवलं? मी आंधळा नाही. खरं सांग. विमान होतं?"

मी मधे पडलो. "तुझ्या बापाने सगळ्यांसमोर—"

"तुला विचारलं नाही, खलाशा."

बयूमीने माझा खांदा धरून मला बाजूला केलं. एकदा त्याने गावाकडे पाहिलं. म्हाताऱ्याला दिलेल्या शब्दाला तासही झाला नव्हता.

"विमान नव्हतं," तो म्हणाला. "दोर होता. मी त्याला तिथे उभं केलं, आणि मीच ओढायला लावलं."

पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरा बरगड्यांवर. तो गुडघ्यांवर आला. चाळीस-पन्नास माणसांना लोळवणारा तो गडी, पण त्याने हात वर केले नाहीत, डोकंसुद्धा झाकलं नाही. मी किनावीच्या कमरेला मिठी मारली. त्याने मला कोपराने कालव्यात ढकललं. मी चिखलातून वर आलो तेव्हा बयूमी कुशीवर पडला होता, तोंडातून रक्ताची लाळ, आणि किनावीने सोटा त्याच्या डोक्यावर उगारला होता. उगारलेलाच राहिला.

मग तो खाली बसला, बयूमीच्या शेजारी, धुळीत.

"तो ओरडला का?"

"ओरडला."

"आईला हाक मारली?"

"नाही. मला शिवी दिली."

"काय म्हणाला?"

बयूमीला श्वास घेता येत नव्हता. तो थांबत थांबत म्हणाला, "म्हणाला... म्हाताऱ्या बैला, तुझे कान कापून... कुत्र्याला घाल."

किनावीच्या तोंडून आवाज निघाला. मला आधी वाटलं तो परत मारणार. पण तो हसत होता. हसता हसता त्याने तोंड बाहीत खुपसलं, आणि मग ते हसणं हसणं राहिलं नाही.

"तोच," तो म्हणाला. "तोच तो. तिकडे फोटोखाली बसून लोक चाळीस दिवस कोणा भलत्याच माणसाबद्दल बोलतायत."

त्याने डोक्याचा फेटा सोडला, बयूमीचा हात छातीशी घेऊन घट्ट बांधला. बयूमी विव्हळला.

"गप. बैलाला इतकं लागत नाही."

"त्याच्याबद्दल अजून विचार," बयूमी म्हणाला.

गाडीला दोन तास होते. आम्ही तिघं स्टेशनबाहेरच्या बाभळीखाली बसलो. किनावी विचारत गेला आणि बयूमी सांगत गेला: बखीत किती खायचा, कोणाशी भांडला, कितीदा मार खाल्ला, कुठल्या मुलीला पत्रं लिहायचा. दम लागला की तो थांबायचा, आणि किनावी वाट बघायचा.